टोपीवरचा झेंडा

घरात मयत झाली म्हणून गिरणीचा भोंगा वाजायचा थांबत नसे. ज्यांचे वडील, आजोबा मुंबईच्या गिरण्यांत राबले त्यांना हे वेगळे सांगायला नको. जवळच्या माणसाला निरोप देऊन आलेला कामगार तिसऱ्या दिवशी डबा घेऊन पाळीवर उभा राही. आज गिरण्या गेल्या, पण दवाखान्यातली आया, बसचा कंडक्टर, इमारतीचा वॉचमन, चार घरची धुणीभांडी करणारी आपली बहीण यांची स्थिती वेगळी नाही. दुःखाला रजा मिळत नाही. डोळे पुसायचे आणि हातातले काम चोख करायचे, एवढेच आपल्या हाती असते.

आज आम्ही वाचकांना अशाच एका तिसऱ्या दिवसाची हकिकत सांगणार आहोत. ती आपल्या वस्तीतली नाही. ती दूर उत्तरेकडच्या नॉर्वे देशातल्या एका तरुण पोहणाऱ्याची आहे. पण वाचून झाल्यावर ती आपल्या घरातल्यांना, विशेषतः तरुण मुलांना वाचून दाखवावी असे आम्हाला वाटते. कारण तिच्यात धीर आहे, माणुसकी आहे, एक अवघड कबुली आहे आणि आपल्या घराने घ्यावा असा एक इशाराही आहे.

बेटावरचा मुलगा

या तरुणाचे नाव अलेक्झांडर डाले ओएन. त्याचा जन्म २१ मे १९८५ रोजी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गन या शहरात झाला. बर्गनच्या पश्चिमेला समुद्रात लहानमोठ्या बेटांचा ओयगार्डन नावाचा भाग आहे. तिथे तो लहानाचा मोठा झाला.

नॉर्वे हा बर्फाचा देश. तिथली मुले चालायला लागली की पायात स्की बांधतात. हिवाळी खेळांत या देशाने पदकांच्या राशी घातल्या आहेत. पोहण्यात मात्र त्याचे नाव फारसे कोणी घेत नसे. अशा देशातला हा मुलगा २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला आणि १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत त्याने रौप्यपदक मिळवले. ऑलिंपिकच्या पोहण्यातले नॉर्वेचे ते पहिले पदक होते. त्या दिवशी जपानच्या कोसुके किताजिमाने ५८.९१ सेकंदांत जागतिक विक्रम करून सुवर्ण नेले. डाले ओएनला ५९.२० सेकंद लागले. म्हणजे दोघांत सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही अंतर नव्हते. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच फरक म्हणा ना!

हे पोहणे असते कसे?

आमच्या पुष्कळ वाचकांनी पोहण्याच्या शर्यती फक्त टीव्हीवर पाहिल्या असतील. म्हणून थोडे समजावून सांगतो. शर्यतीत पोहण्याचे चार मुख्य प्रकार आहेत. फ्रीस्टाइल, पाठीवरचे बॅकस्ट्रोक, दोन्ही हात एकदम पुढे फेकायचे बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोक. गावाकडे कमरेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेल्या कोणालाही ब्रेस्टस्ट्रोक ओळखीचा वाटेल. बेडूक जसा पाय आखडून मागे झाडतो तसे हे पोहणे. दोन्ही हात छातीपाशी गोळा करायचे, पुढे सोडायचे, आणि दोन्ही पाय एकदम बाहेरच्या बाजूने झाडायचे.

चारही प्रकारांत हा सगळ्यांत संथ, पण सगळ्यांत जास्त नियमांचा. डावाउजवा हात एकाच वेळी हलला पाहिजे. दोन्ही पाय एकाच वेळी झाडले पाहिजेत. प्रत्येक फेऱ्यात डोके पाण्याबाहेर आले पाहिजे. भिंतीला दोन्ही हातांनी एकदम स्पर्श झाला पाहिजे. एक हात आधी टेकला तर पोहणारा बाद.

शिवाय एक बारीक नियम आहे, जो पुढे आपल्या गोष्टीत महत्त्वाचा ठरणार आहे. सूर मारल्यावर आणि भिंतीवरून वळल्यावर पोहणारा काही अंतर पाण्याखालून जातो. त्या वेळी दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखा एक झटका मारायची मुभा असते. त्याला डॉल्फिन किक म्हणतात. मुभा फक्त एका झटक्याची. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत तर एकाचीही नव्हती. तिथे किताजिमाने अमेरिकेच्या ब्रेंडन हॅन्सनला मागे टाकले तेव्हा त्याच्या या झटक्यावरून मोठा वाद झाला, आणि २००५ साली नियम बदलून एक झटका मान्य करण्यात आला.

ऑलिंपिकचा तलाव ५० मीटर लांबीचा. म्हणजे १०० मीटरला एक जाणे आणि एक येणे. सगळा खेळ एका मिनिटाच्या आत संपतो. त्या एका मिनिटासाठी माणूस आयुष्याची पंधरा-वीस वर्षे पहाटेच्या थंड पाण्यात घालवतो.

२२ जुलैचा दिवस

२०११ च्या जुलै महिन्यात चीनमधल्या शांघाय शहरात जागतिक जलतरण स्पर्धा भरल्या होत्या. नॉर्वेचा संघ तिथे पोहोचला होता. तलावातल्या शर्यती २४ जुलैला सुरू व्हायच्या होत्या. आणि २२ जुलैला, शुक्रवारी, त्यांच्या मायदेशावर आभाळ कोसळले.

दुपारी राजधानी ऑस्लोमध्ये सरकारी कचेऱ्यांसमोर बॉम्बचा स्फोट झाला. आठ माणसे मेली. पोलीस तिकडे धावत असताना तोच मारेकरी पोलिसाचा वेष चढवून ऑस्लोपासून काही अंतरावरच्या उटोया नावाच्या बेटावर गेला. तिथे मजूर पक्षाच्या युवक संघटनेचे उन्हाळी शिबिर चालू होते. पाचशेहून अधिक मुलेमुली तिथे होती. त्यांतली कित्येक सोळा, सतरा, अठरा वर्षांची. त्याने एकेकाला गोळ्या घालायला सुरुवात केली. बेटावर ६९ जण मारले गेले. दोन्ही ठिकाणचे मिळून ७७.

या मारेकऱ्याचे नाव आम्ही इथे छापत नाही. त्याला ते हवेच होते. त्याचे म्हणणे काय होते एवढे मात्र वाचकांना कळले पाहिजे. बाहेरून आलेली माणसे, वेगळ्या धर्माची माणसे आपल्या देशात नकोत, आणि जे पक्ष त्यांना सामावून घेतात तेही नकोत, असा त्याचा द्वेष होता. माणसामाणसांत उच्चनीच पाहणारा द्वेष कोणत्याही देशात, कोणत्याही भाषेत बोलला तरी आपल्याला त्याचा आवाज ओळखू येतो.

उटोया हे बेट तळ्यात आहे. पळायला जागा नव्हती. म्हणून कित्येक मुलांनी थंडगार पाण्यात उड्या टाकल्या आणि पैलतीराकडे पोहायला लागली. तो मारेकरी पाण्यातल्या मुलांवरही गोळ्या झाडत होता. पलीकडच्या काठावरचे रहिवासी आणि सुटीला आलेले साधे लोक आपल्या लहान होड्या घेऊन गोळीबाराच्या दिशेने गेले आणि त्यांनी भिजलेली, थरथरणारी मुले ओढून वर घेतली. ते सैनिक नव्हते, त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता. पाण्यात बुडणारे मूल कोणाचे, हे त्यांनी विचारले नाही.

शांघायचे घड्याळ ऑस्लोच्या सहा तास पुढे. तिकडे दुपार होती तेव्हा इकडे रात्र होती. घरापासून हजारो मैलांवर असलेल्या त्या खेळाडूंनी ती रात्र कशी काढली असेल याची कल्पना ज्याने परगावी असताना घरची वाईट बातमी ऐकली आहे त्यालाच येईल. परत जावे की थांबावे? आणि थांबलो तर अशा वेळी पोहण्याच्या शर्यतीला काय अर्थ?

डाले ओएन थांबला. त्याने सांगितले ते थोडक्यात असे, की घरी सगळे सुन्न झाले आहेत, अशा वेळी आपण एक राहायला हवे. त्या एका माणसाला आपले पुढचे दिवस नासवू द्यायचे नाहीत. २४ तारखेला तो पोहला आणि अंतिम फेरीत गेला.

तिसऱ्या दिवशीची शर्यत

२५ जुलै, सोमवार. त्या दिवशी दुपारी बारा वाजता साऱ्या नॉर्वेने एक मिनिट स्तब्ध राहून मेलेल्यांना आदरांजली वाहिली. शांघायमध्ये तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते आणि अंतिम शर्यतींची वेळ झाली होती.

१०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या अंतिम फेरीत आठ जण कठड्यावर उभे राहिले. त्यांत बीजिंगला डाले ओएनला हरवणारा किताजिमा होता. इटलीचा फाबिओ स्कोत्सोली होता. दक्षिण आफ्रिकेचा कॅमरून व्हॅन डर बर्ग होता. डाले ओएनच्या डोक्यावर पोहण्याची टोपी होती आणि टोपीवर नॉर्वेचा छोटासा झेंडा.

इशारा झाला. आठही जणांनी सूर मारला. बाकीची हकिकत आकड्यांतच सांगण्यासारखी आहे. डाले ओएनने भिंतीला हात टेकले तेव्हा घड्याळ ५८.७१ सेकंद दाखवत होते. दुसऱ्या आलेल्या स्कोत्सोलीला ५९.४२ सेकंद लागले, तिसऱ्या आलेल्या व्हॅन डर बर्गला ५९.४९. ज्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यावर पदके ठरतात तिथे डाले ओएनने सेकंदाच्या दोनतृतीयांशापेक्षा जास्त आघाडी घेतली होती. किताजिमाला पदकही मिळाले नाही.

या वेळेचे मोल कळायला एक गोष्ट सांगावी लागेल. त्या वेळचा जागतिक विक्रम ५८.५८ सेकंदांचा होता. तो ऑस्ट्रेलियाच्या ब्रेंटन रिकर्डने २००९ साली रोममध्ये केला होता. पण तो काळ रबरासारख्या गुळगुळीत, अंगाला घट्ट बसणाऱ्या खास पोशाखांचा होता. त्या पोशाखांनी शरीर पाण्यावर तरंगे, आणि विक्रमांचा पाऊस पडे. रोमच्या त्या एका स्पर्धेत ४३ जागतिक विक्रम झाले. २०१० पासून त्या पोशाखांवर बंदी आली. डाले ओएन साध्या कापडी पोशाखात पोहला आणि तरीही त्या विक्रमापासून केवळ १३ शतांश सेकंद दूर राहिला. साध्या पोशाखात तोवर कोणीही एवढ्या वेगाने पोहले नव्हते.

पण लोकांच्या लक्षात राहिली ती वेळ नव्हे. भिंतीला हात टेकल्यावर त्याने वर पाहिले, आणि बोट आपल्या टोपीवरच्या झेंड्यावर ठेवले. जणू तो घरच्यांना सांगत होता, हे माझे नाही, हे तुमचे आहे. पदक घेताना राष्ट्रगीत वाजू लागले तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

त्याच संध्याकाळी ऑस्लोमध्ये दीड-दोन लाख लोक हातात गुलाबाची फुले घेऊन रस्त्यावर आले. मोर्चा निघायचा होता, पण माणसेच एवढी झाली की चालायला जागा उरली नाही. लोकांनी उभ्याउभ्याच फुले वर धरली. त्या वेळचे पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी लोकांना सांगितले की, या हल्ल्याला आपले उत्तर अधिक लोकशाही आणि अधिक मोकळेपणा हेच असेल. मारेकऱ्यावर रीतसर खटला चालला आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्याला त्या देशातली सर्वांत मोठी, २१ वर्षांची शिक्षा झाली. तो समाजाला धोकादायक आहे असे वाटेल तोवर ती वाढवता येते.

सुडाची आरोळी न देता कायद्याने आणि बंधुभावाने उभे राहिलेले हे लोक. बंधुता हा शब्द आपल्या संविधानाच्या पहिल्याच पानावर आहे. तो आचरणात आणायची वेळ येते तेव्हा किती जड असतो, हे अशा दिवशी कळते.

फ्लॅगस्टाफ

इथेच गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण ती संपली नाही.

पुढच्या वर्षी, २०१२ साली, लंडनला ऑलिंपिक होते. जगज्जेता डाले ओएन तिथे सुवर्णाचा मोठा दावेदार होता. एप्रिल महिन्यात नॉर्वेचा संघ सरावासाठी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफ या गावी गेला. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे. अशा उंचीवर हवा विरळ असते, प्राणवायू कमी मिळतो, म्हणून शरीर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवते. खाली आल्यावर तेच रक्त जास्त प्राणवायू वाहून नेते. यासाठी जगभरचे खेळाडू उंचावर सराव करतात.

३० एप्रिलला त्याचा सराव हलकाच होता. संध्याकाळी तो न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. सोबत्यांनी आत जाऊन पाहिले तर तो निपचित पडला होता. त्याच्या छातीवर दाब देऊन श्वास परत आणण्याचा प्रयत्न झाला, दवाखान्यात नेले, पण उपयोग झाला नाही. वय होते फक्त २६. तीन आठवड्यांनी त्याला २७ वर्षे पूर्ण व्हायची होती.

शवचिकित्सेत आढळले की त्याच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अरुंद झाल्या होत्या. त्याला हृदयविकाराचा झटका आला होता. जो छातीच्या बळावर जगात पहिला आला त्याच्याच छातीत हा आजार दबा धरून बसला होता, आणि कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

मित्राने जिंकलेली शर्यत

लंडनची १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची अंतिम शर्यत २९ जुलै २०१२ रोजी झाली. शांघायमध्ये तिसरा आलेला व्हॅन डर बर्ग त्यात होता. डाले ओएन त्याचा प्रतिस्पर्धी आणि मित्रही. ती शर्यत व्हॅन डर बर्गने ५८.४६ सेकंदांत जिंकली. रोमचा तो खास पोशाखातला जागतिक विक्रम अखेर मोडला गेला. ऑस्ट्रेलियाचा ख्रिश्चन स्प्रेंगर ५८.९३ सेकंदांत दुसरा आला, अमेरिकेचा हॅन्सन तिसरा. जिंकल्यावर व्हॅन डर बर्गने आपले यश डाले ओएनच्या आठवणीला अर्पण केले.

पण वाचकहो, माणसाचे चांगले आणि उणे एकाच अंगावर असते. काही दिवसांतच पाण्याखाली घेतलेली चित्रे लोकांनी पाहिली. त्यांत व्हॅन डर बर्ग पाण्याखाली एकाऐवजी जास्त डॉल्फिन झटके मारताना दिसत होता. त्याला विचारले तेव्हा त्याने नाकारले नाही. ऑस्ट्रेलियातल्या वृत्तपत्राशी बोलताना त्याने मान्य केले की आपण जास्त झटके मारले. पण त्याचबरोबर त्याने असेही सांगितले, की सगळेच मारतात, आणि जो मारणार नाही तो मागे पडेल. पाण्याखालच्या कॅमेऱ्यांवरून पंचांनी निर्णय दिले तर सगळेच सरळ पोहतील, असे त्याचे म्हणणे होते. लंडनला पंच त्या चित्रांवरून निर्णय देत नव्हते. निकाल तसाच राहिला, पदकही त्याच्याकडेच राहिले.

आम्ही यावर बराच विचार केला. खोटे बोलून वेळ मारून नेता आली असती, तरी तो खरे बोलला, हे त्याच्या बाजूचे. पण 'सगळेच करतात' हे वाक्य आपल्या घरातही रोज ऐकू येते. परीक्षेत कॉपी केलेला मुलगा तेच म्हणतो. काट्यात मारणारा दुकानदार तेच म्हणतो. टेबलाखालून हात पुढे करणारा कारकूनही तेच म्हणतो. सगळेच करतात तेव्हा नुकसान होते ते न करणाऱ्याचे. त्या दिवशी आठ जणांत एखादा तरी एकच झटका मारून सरळ पोहला असेल, तर त्याच्या कष्टांचा हिशेब कोणी दिला?

आणि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नियम करायचा आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायची सोय करायची नाही, हा दोष नियम करणाऱ्यांचाही आहे. आपल्याकडे कामगारांचे कायदे असेच कागदावर राहतात ना? म्हणून मुलांना दोन्ही शिकवावे. कोणी पाहत नसताना नियम पाळावा, आणि नियम पाहणारा नसेल तर तो नेमावा म्हणून आवाजही उठवावा.

त्याची वेळ अजून उभी आहे

यानंतर हा खेळ खूप पुढे गेला. इंग्लंडचा ॲडम पीटी २०१५ साली ५८ सेकंदांच्या आत आला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने ५७.१३ सेकंदांत सुवर्ण घेतले, तेव्हा व्हॅन डर बर्ग रौप्याचा मानकरी होता. २०१९ साली पीटी ५६.८८ पर्यंत गेला.

तरी एक गंमत पाहा. २८ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये हीच शर्यत झाली. इटलीच्या निकोलो मार्तिनेंगीने ५९.०३ सेकंदांत सुवर्ण जिंकले. पीटी आणि अमेरिकेचा निक फिंक ५९.०५ सेकंदांत बरोबरीने दुसरे आले. डाले ओएनने १३ वर्षांपूर्वी, देश शोकात बुडालेला असताना काढलेली वेळ होती ५८.७१. तलाव वेगळे, दिवस वेगळे, तेव्हा अशी तुलना ताणू नये हे आम्हालाही कळते. पण त्या तिसऱ्या दिवशी तो काय करून गेला याचा अंदाज त्यातून येतो.

बर्गन शहरात २०१४ साली ५० मीटरचा मोठा जलतरण तलाव उघडला. त्याला डाले ओएनचे नाव दिले आहे. त्याच्या गावची मुले आता तिथे पोहायला शिकतात. माणसाचे स्मारक करायचे तर असे करावे, असे आम्हाला वाटते. दगडाला हार घालण्यापेक्षा मुलांच्या अंगी बळ येईल असे काही उभे करावे.

आपल्या घरासाठी दोन गोष्टी

आता इशाऱ्याकडे येतो. आपल्या देशात हृदयविकार युरोपातल्या लोकांपेक्षा साधारण दहा वर्षे लवकर गाठतो, असे डॉक्टर सांगत आले आहेत. चाळिशीच्या आतबाहेरची कर्ती माणसे अचानक जातात, आणि मागे कर्ज, लहान मुले आणि म्हातारे आईवडील राहतात. अशी घरे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. 'धडधाकट होता हो, कालच भेटला होता' हे वाक्य आपण किती वेळा ऐकले?

छातीत दाबल्यासारखे होणे, कळ डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, थोड्या श्रमाने दम लागणे, घाम फुटणे, व्यायाम करताना चक्कर येणे या गोष्टी 'गॅस झाला असेल' म्हणून उडवून लावू नयेत. माता-भगिनींमध्ये कधी छातीत कळ न येता नुसता थकवा, मळमळ, धाप एवढेच दिसते. बाई घरातल्या सगळ्यांचे पाहते आणि स्वतःचे दुखणे मागे टाकते, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत. वडील किंवा भाऊ ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहीण ६५ वर्षांच्या आत हृदयविकाराने आजारी पडली किंवा गेली असेल, तर डॉक्टरांना हे आपणहून सांगावे आणि रक्तदाब, साखर व रक्तातली चरबी तपासून घ्यावी. विडी, तंबाखू, गुटखा, मिश्री यांना घरातून निरोप द्यावा. अंगात बळ आहे म्हणजे आजार नाही, असे समजू नये. डाले ओएनच्या अंगात बळ थोडे होते काय?

दुसरी गोष्ट. समोरचा माणूस एकाएकी कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट चालत नाही, तर एकाने १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि दुसऱ्याने लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी. माणसाला कठीण जमिनीवर उताणे निजवावे, छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपरे ताठ ठेवून, सुमारे पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावे. रुग्णवाहिका येईतो थांबू नये, दमल्यास दुसऱ्याने हात लावावा. हे एकदा जाणकाराकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे. वस्तीतल्या मंडळांनी जयंतीच्या कार्यक्रमाबरोबर एखादा तास यासाठी ठेवला, तर त्या एका तासात शिकलेला मुलगा उद्या कोणाचा बाप वाचवील.

उटोयाच्या काठावरचे लोक होड्या घेऊन निघाले तेव्हा त्यांच्यापाशी शस्त्र नव्हते. होडी चालवता येत होती, एवढेच. डाले ओएनला पोहता येत होते, एवढेच. ज्याला जे येते ते त्याने दुःखाच्या दिवशीही नीट करावे आणि दुसऱ्याच्या उपयोगी पाडावे. या अठ्ठावन्न सेकंदांच्या गोष्टीतून आम्ही तरी हेच घेतले.

आज रात्री जेवणे उरकल्यावर मुलांना जवळ घ्या आणि टोपीवरच्या झेंड्यावर बोट ठेवणाऱ्या त्या मुलाची गोष्ट सांगा. आणि घरात कोणाच्या छातीत कळ येत असेल, तर उद्या सकाळी पाळीवर जाण्याआधी त्याला दवाखान्यात घेऊन जा. त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा गेली तरी चालेल.